मध्यमूल्य प्रमेय वापरून असमानता कशी सिद्ध करावी?

‘क शोधा’ अशी उदाहरणे सुटतात, पण ‘क्ष > ० असताना क्ष/(१ + क्ष) < लॉग(१ + क्ष) < क्ष हे लाग्रांजच्या मध्यमूल्य प्रमेयाने सिद्ध करा’ असे विचारले की कोणते फलन घ्यावे आणि कोणते अंतराल, हेच सुचत नाही, अशी आपली अडचण आहे. माझ्या मते तिचे मूळ ‘क शोधा’ या सरावातच आहे. क हा अंतरालातला एक बिंदू असतो, आणि तो अस्तित्वात असल्याची हमी प्रमेय देते. तो नेमका कोठे आहे हे सांगत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते कळण्याची गरजही पडत नाही.

फलन अ ते ब या बंद अंतरालावर सतत आणि आतील प्रत्येक बिंदूपाशी विकलनीय असेल (म्हणजे तेथे त्याचा डेरिव्हेटिव्ह फ′ असेल), तर फ(ब) − फ(अ) = फ′(क)(ब − अ) असा निदान एक क त्या दोहोंच्या दरम्यान असतो. म्हणून असमानतेत आधी वजाबाकी शोधावी. आपल्या उदाहरणात ती दिसत नाही, कारण वजा होणारे पद शून्य आहे: लॉग १ = ० (येथे लॉग म्हणजे e पायाचा, नैसर्गिक लॉग). ते पद लिहून लॉग(१ + क्ष) − लॉग १ असे मांडले की फलन लॉग आणि अंतराल १ ते १ + क्ष हे दोन्ही ठरूनच जातात. लॉगचा डेरिव्हेटिव्ह क पाशी १/क असल्यामुळे ही वजाबाकी क्ष/क इतकी होते. आणि क हा १ पेक्षा मोठा व १ + क्ष पेक्षा लहान असल्यामुळे क्ष/क ही राशी क्ष/(१ + क्ष) आणि क्ष यांच्या मध्ये सापडते. सिद्धता संपली, तरी क किती हे आपण कोठेही काढले नाही.

√१०१ चा अंदाजही असाच बांधता येतो. १०० ते १०१ या अंतरालावर √१०१ − १० = १/(२√क). येथे √क > १०, म्हणून फरक ०.०५ पेक्षा कमी. मग √क < १०.०५, म्हणून फरक १/२०.१ पेक्षा, म्हणजेच ०.०४९७ पेक्षा, जास्त. वरची मर्यादा मिळताच तिच्याच आधाराने खालची मिळते, हे मला विशेष आवडते.

अटी मात्र केवळ उपचार म्हणून लिहू नयेत. |क्ष| साठी −१ ते २ या अंतरालावर सरासरी उतार १/३ येतो, पण डेरिव्हेटिव्ह असतो तेथे १ किंवा −१ च असतो. शून्यापाशी आलेखाला एकच टोकदार कोपरा आहे, तेथे डेरिव्हेटिव्ह नाही, आणि तेवढ्याने प्रमेय लागू होत नाही. ‘डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे फलन स्थिर’ हा निष्कर्षही याच प्रमेयातून येतो आणि तो एका सलग अंतरालापुरताच खरा असतो. टॅन इन्व्हर्स क्ष + टॅन इन्व्हर्स (१/क्ष) याचा डेरिव्हेटिव्ह शून्य सोडून सर्वत्र शून्य आहे, तरी क्ष धन असताना किंमत π/२ आणि ऋण असताना −π/२ येते. त्यामुळे अशा उत्तरात ‘क्ष > ०’ लिहायचे राहिले आणि परीक्षकांनी गुण कापले, तर तक्रारीला जागा नाही.