तू परत येणार आहेस, हे धरून जा

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शिक्षण संपलं की वर्षभर परदेशात जाऊन बेघर मुलामुलींसाठी काम करायचं, असं तू ठरवलं आहेस, आणि दोन संस्थांची नावं कळवून कुठे जाऊ, काय तयारी करू असं विचारलं आहेस. "त्यांच्या आयुष्यात बदल घडवायचा आहे" हे तू दोनदा लिहिलंस. तुझी तळमळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही, म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहिते. माझं सांगणं एकच आहे. तू एक दिवस परत येणार आहेस. ही गोष्ट निघायच्या आठवड्यात आठवण्याची नाही. संस्था कोणती, काम कोणतं, मुलांशी बोलायचं किती आणि कसं, हे सगळं आधी तिच्यावरून ठरव.

असं का, ते कळायला ही मुलं कोण आहेत ते पाहायला हवं. बेघर म्हटलं की आपल्याला फुटपाथवर झोपलेला माणूस दिसतो. सोळा ते पंचवीस या वयातली बरीच मुलं तिथे दिसतच नाहीत. आज एका मित्राच्या सोफ्यावर, चार दिवसांनी दुसऱ्याकडे, मग रात्रभर धावणाऱ्या बसमध्ये, आणि कधीकधी अशा माणसाच्या घरी, जो दिलेल्या आसऱ्याची किंमत वेगळ्या मार्गाने वसूल करतो. विचारलं तर "मैत्रिणीकडे राहतेय" एवढंच सांगतील. शिकागो विद्यापीठातल्या चेपिन हॉल या संशोधन केंद्राने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. १८ ते २५ वयाच्या दर दहांतल्या एकाने त्याआधीच्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या स्वरूपात बेघरपण सोसलं होतं. १३ ते १७ वयात हे प्रमाण तिसांत एक होतं. शहर आणि खेडं यांत फारसा फरक नव्हता. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलांना धोका सर्वांत जास्त, आणि समलिंगी व ट्रान्स मुलामुलींना इतरांच्या दुपटीहून अधिक.

कारणं तू वाचशीलच. घरातली मारहाण, आईवडिलांचं व्यसन किंवा मृत्यू, सावत्र पालकाशी न पटणं, "असला मुलगा आमच्या घरात नको" म्हणून लावलेलं दार. सरकारी देखरेखीत वाढलेली मुलं अठरा वर्षांची झाली की आधार एकदम कमी होतो आणि ती उघड्यावर येतात. युद्धातून एकटी निघून आलेली मुलं असतात. प्रत्येकाची गोष्ट निराळी, पण एक अनुभव जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला आलेला असतो: ज्या मोठ्या माणसावर विसंबलो, ते निघून गेलं. "मी आहे ना तुझ्यासाठी" हे त्यांनी आधीही ऐकलेलं असतं. आता तूही तेच म्हणालीस आणि अकराव्या महिन्यात विमानात बसलीस, तर त्या यादीत आणखी एका नावाची भर पडेल. तू वाईट वागलीस म्हणून नाही, तुझा व्हिसा संपला म्हणून. त्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत फार फरक नसतो.

म्हणून काम निवडताना आपली जागा नीट ओळख. मुलांच्या सोबत वर्षानुवर्षं राहणारी माणसं वेगळी असतात. केसवर्कर (एकेका मुलाची जबाबदारी घेऊन त्याच्या मदतीचा पाठपुरावा करणारे कर्मचारी), रात्रपाळीचे कर्मचारी, समुपदेशक, नर्स. त्यांच्या हातातलं काम हलकं करणं ही तुझी खरी जागा. लंडनच्या सोहोमध्ये १९६९ साली एका चर्चच्या तळघरात सेंटरपॉइंट या बेघर तरुणांसाठीच्या संस्थेचा पहिला निवारा उघडला, तेव्हा रात्र जागवायला स्वयंसेवकच होते. आज त्याच संस्थेत प्रशिक्षित कर्मचारी, आरोग्य पथक, नोकरीसाठी मार्गदर्शन, हेल्पलाइन अशी व्यवस्था आहे. पन्नास वर्षांत हे क्षेत्र जे शिकलं, त्यातली मोठी गोष्ट ही की रात्रीपुरतं छप्पर आणि चांगल्या मनाची माणसं एवढ्याने भागत नाही. घर लागतं, उत्पन्न लागतं, आणि मूल चुकलं तरी हात न सोडणारा एक कायमचा माणूस लागतो. फिनलंडने २००८ पासून 'आधी घर', म्हणजे आधी कायमचं घर आणि मग बाकीची मदत, हे राष्ट्रीय धोरण म्हणून राबवलं आणि तिथली बेघरांची संख्या पुढची अनेक वर्षं उतरत गेली. कॅनडात हाच विचार तरुणांसाठी वेगळा बसवला आहे, कारण सतरा वर्षांच्या मुलीला नुसती किल्ली देऊन चालत नाही, तिला अजून मोठं व्हायला वेळ द्यावा लागतो. तू ज्या संस्थेत जाशील ती या मोठ्या कामात कुठे बसते, ते समजून घे.

संस्थेला पहिल्याच ईमेलमध्ये एक प्रश्न विचार: "मी आले नाही, तर हे काम कोण करेल?" उत्तर "आम्हीच करू, जरा सावकाश होईल" असं आलं तर निर्धास्त जा. "कोणीच नाही, आमचं सगळं परदेशी स्वयंसेवकांवरच चालतं" असं आलं तर थांब. जिथे दर तीन महिन्यांनी नवे चेहरे येतात, तिथे मुलांना रोज नव्याने स्वतःची कहाणी सांगावी लागते आणि स्थानिक माणसाला नोकरी मिळत नाही ती वेगळीच.

आणि जी संस्था दोन आठवड्यांसाठी भरमसाट शुल्क मागते, माहितीपत्रकावर मुलांचे हसरे फोटो छापते आणि तुझी कसलीच पडताळणी करत नाही, तिच्याकडे वळूही नकोस. तुला विनाचौकशी आत घेणारं दार कोणालाही विनाचौकशी आत घेतं. अनाथाश्रमांमध्ये पर्यटक-स्वयंसेवक पाठवण्याच्या धंद्याने मुलांचं किती नुकसान केलं, याची दखल संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१९ च्या बालहक्क ठरावात घेतली आहे. बेघर किशोरांची निवारागृहं त्याहून वेगळी असली तरी निकष तोच लाव. तुलनेसाठी युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरचे नियम वाचून ठेव. ती योजना मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पण तिच्यात दीर्घ मुदतीचं काम दोन ते बारा महिन्यांचं असतं, राहण्याजेवणाची सोय आणि हातखर्चाला पैसे मिळतात, विमा आणि प्रशिक्षण असतं. चांगली व्यवस्था कशी दिसते, ते त्यावरून कळेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. बिनपगारी काम म्हणजे काम नव्हे, असं समजू नकोस. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंतच परवानगी आहे. त्याहून जास्त राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो, त्याची कमाल मुदत बारा महिने, आणि परवानाधारक संस्थेने प्रायोजक व्हावं लागतं. पोलिसांचा चारित्र्य दाखला वेळेत काढ, त्याला लागायचे तेवढे दिवस लागतात. भाषा मात्र व्हिसापेक्षाही आधी सुरू कर. व्याकरण कच्चं असलं तरी चालेल, पण संतापलेलं मूल घाईघाईत बोललं तर ते तुला कळायला हवं.

आता तिथलं रोजचं काम. ते तुला वाटतं त्यापेक्षा साधं असेल, आणि त्या साधेपणातच त्याची किंमत आहे. चादरी बदलणं, मोबाइल चार्जिंगला लावून देणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, बायोडाटा टाइप करून देणं, कोणी जागं असेल तर रात्री दोन वाजता शेजारी बसून पत्ते खेळणं. पहिल्या आठवड्यात तुला दिसेल की काही मुलं बूट घालूनच झोपतात, किंवा बूट उशाखाली घेतात. काढायला सांगू नकोस. बाहेर बूट चोरीला जातात, आणि रात्री कधी पळावं लागेल त्याचा नेम नसतो. महिन्या-दीड महिन्याने त्यातलं एखादं बूट पलंगाखाली ठेवून झोपलं, तर ती मोठी बातमी आहे. नोंदवहीत लिही.

नोंदवहीबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण तुझ्या हातून होण्यासारखं सर्वांत टिकाऊ काम तेच आहे. पाळी संपताना पुढच्या पाळीसाठी नोंद लिहायची असते. "आज तो चिडलेला होता" असं लिहू नकोस, त्यातून सकाळच्या माणसाला काहीच हाती लागत नाही. "सात ते नऊमध्ये तीनदा फोन आला, तिन्ही वेळा बाहेर जाऊन बोलला, परत आल्यावर जेवला नाही, पैसे कधी मिळतील असं दोनदा विचारलं" असं लिही. हे वाचून अनुभवी केसवर्कर ओळखेल की कोणीतरी त्याच्याकडे पैशांचा तगादा लावतंय. तुझा अंदाज लिहायचाच असेल तर तो अंदाज आहे असं स्पष्ट सांगून लिही. आणि जे लिहिशील ते उद्या त्या मुलाने मागून वाचलं तरी त्याला अपमान वाटणार नाही, असं लिही. बऱ्याच देशांत स्वतःची फाइल बघायचा हक्क त्याला असतो. तू परत आल्यावरही ती वही तिथेच राहील.

दुसरं मोलाचं काम म्हणजे सोबत जाणं. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, कोर्टात. एकटं गेलेलं मूल खिडकीवरून "आज होणार नाही" ऐकून परत फिरतं आणि पुन्हा तिकडे जात नाही. शेजारी शांत बसलेलं, तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव टिपून घेणारं कोणी असलं की बोलण्याचा सूर बदलतो. त्यासाठी तिथला कायदा थोडा तरी माहीत हवा. इंग्लंडचं उदाहरण देते. सोळा-सतरा वर्षांचं मूल बेघर म्हणून आलं, तर त्याला नुसतं गृहनिर्माण विभागाकडे ढकलून बालकल्याण विभागाला मोकळं होता येत नाही, असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २००९ मध्ये दिला. बालकल्याण विभागाने जबाबदारी घेतली की अठराव्या वर्षानंतरही काही आधार मिळत राहतो. म्हणजे योग्य टेबलावर योग्य वाक्य बोललं गेलं, तर त्या मुलाची पुढची काही वर्षं बदलू शकतात. ते वाक्य बहुधा केसवर्कर बोलेल. तू फाइल धरून शेजारी बस, आणि वेळ टळू देऊ नकोस.

मर्यादांबद्दल संस्था तुला नियम देईल. ते कोरडे वाटले तरी पाळ. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, पाठमोरा सुद्धा नाही. काही मुलं जिवाच्या भीतीने लपलेली असतात आणि फोटोतल्या भिंतीवरूनही जागा ओळखता येते. सर्वांत अवघड नियम गुपिताचा. "कुणाला सांगणार नसशील तर सांगते," असं एखादी म्हणाली, तर शब्द देऊ नकोस. तिथेच सांग, "तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला वरिष्ठांना सांगावं लागेल, बाकीचं माझ्याकडेच राहील." कदाचित ती गप्प होईल. होऊ दे. बहुतेक वेळा ती दोन-चार दिवसांनी पुन्हा येते, कारण खरं बोलणारं माणूस तिला सापडलेलं असतं.

कहाणी तर कुणाकडे मागूच नकोस. तू घर का सोडलंस, हे त्यांना पोलिसांनी, डॉक्टरांनी, समाजसेवकांनी विचारून झालेलं असतं. तू परकी आहेस, याचा इथे फायदा आहे. तुला तिथलं काहीच माहीत नाही, तर त्यांना विचार की ही बस कुठे जाते, हा शब्द कसा उच्चारायचा, हा खेळ कसा खेळतात. सतत मदत घेणाऱ्या मुलाला शिकवणाऱ्याच्या जागी बसायला मिळालं की त्याचा चेहरा कसा खुलतो ते तू स्वतः बघ.

आणि निघणं. पहिल्या दिवशी ओळख करून देतानाच सांग: मी अमुक महिन्यापर्यंत आहे. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसू दे. शेवटच्या महिन्यात पुन्हा आठवण कर. काही मुलं त्या दिवसांत तुझ्याशी फटकून वागतील, भांडण उकरून काढतील, कारण सोडलं जाण्यापेक्षा आपणच आधी तोडलेलं त्यांना सोपं जातं. मनाला लावून घेऊ नकोस आणि समजूत काढायला "मी परत येईन" असंही म्हणू नकोस, तिकीट हातात असल्याशिवाय तर नाहीच. ज्या गोष्टी तुझ्यासोबत सुरू झाल्या, मग ती अभ्यासाची तासिका असो की शुक्रवारचा फुटबॉल, त्या निघायच्या आधी चार आठवडे तिथल्याच माणसाच्या हाती दे आणि तू कडेला उभी राहा. निरोपाचा कार्यक्रम छोटा कर. ज्याला यायचं नसेल त्याला न येऊ दे.

तुझ्याबद्दल राहिलंच. ऐकलेलं अंगावर चढतं, झोप उडते. दर आठवड्याला तुझ्याशी बोलणारं वरिष्ठ माणूस कोण, हे जाण्याआधी लेखी मागून घे, आणि ते बोलणं कधी चुकवू नकोस. निघेपर्यंतचे सहा महिने मात्र वाया घालवू नकोस. तू जिथे आहेस तिथे एखाद्या निवाऱ्यात किंवा हेल्पलाइनवर आठवड्यातून एक रात्र काम कर. रात्रपाळी तुला झेपते का, ते कळेल, आणि संस्थेला पाठवायला खरं शिफारसपत्रही मिळेल.

ज्या दोन संस्था तू कळवल्यास, त्यांना "मी आले नाही, तर हे काम कोण करेल?" हा प्रश्न आजच पाठव. उत्तरं आली की जशीच्या तशी मला पाठव, सोबत करारनामाही. सुट्ट्या, विमा आणि देखरेख यांची कलमं आपण फोनवर एकत्र वाचू.

तुझी,
ताई