पायाची दुरुस्ती झाली, आता पुढे काय सांभाळावं?

धुळ्याजवळ काळ्या मातीत घर आहे, पाया नुकताच दुरुस्त केलाय, तो टिकावा म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी इंजिनिअर नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरालाही हे दुखणं झालं होतं, तेवढाच माझा अधिकार.

पाया दुरुस्त झाला तरी खालची माती तीच राहते. आपल्या काळीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. पाणी प्यायली की ती फुगते, सुकली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तोच खेळ घराखालीही चालतो. सगळीकडून सारखा चालला तर घर निभावून नेतं. एक कोपरा बारमाही ओला आणि बाकीचे कोरडे, की भिंत फाटलीच.

आमच्याकडे मोरीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून आईनं भिंतीलगत केळी लावल्या होत्या. खिडकीपर्यंत तिरपी भेग गेली ती त्याच कोपऱ्यातून. मिस्त्री आला, भिंतीकडे बघितलंही नाही. म्हणाला, "भो, पानी कथा जास ते देख पहिले." म्हणजे पाणी कुठे जातं ते आधी बघ. केळी काढल्या, मोरीचं पाणी पाइपानं लांब परसात सोडलं. घड मात्र फार छान यायचे, हे कबूल करायला हवं.

तेव्हा आधी पाणी बघा. घराभोवती तीन-चार फुटांचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा. तो आणि जोतं यांच्यातली फट डांबरानं बुजवा. गच्चीचं पाणी पायाशी पडू देऊ नका. जमिनीखालचा नळ गळतो का, हे कळायला रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी आकडा पुढे गेला असेल तर गळती आहे.

झाडाचं उलटं. भिंतीजवळचा मोठा निंब उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढतो. पण जुनं झाड एकदम तोडूही नका. ओढणारं कोणी उरलं नाही की माती पुन्हा ओलावते आणि फुगून पाया उचलते. आधी जाणकाराला दाखवा.

उरलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करा, शेजारी तारीख लिहा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि पोळ्यानंतर पट्टीनं अंतर मोजा. केसाएवढी भेग उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल तर काळजी नाही. दर खेपेला अंतर वाढतंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोवर पुट्टी भरून रंग मारू नका, खुणा झाकल्या जातात.