सही करायच्या आधी

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. मृत्युपत्र नाही. दोन एकर त्यांनी स्वतः घेतलेली, शिवाय बँकेत ठेव. ठेवीला दादा नॉमिनी, म्हणून ती आपलीच असं तो म्हणतो. तेराव्यालाच हक्कसोडपत्र पुढे केलं. 'तुझ्या लग्नात झालाय की खर्च!' आई गप्प. काय करू? – एक बहीण, कराड

उत्तर : तेराव्याच्या पंगतीत स्टॅम्पपेपर! असे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात, पेन्सिलीने फुली मारलेले : 'इथे सही'. करू नका, ताई. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे दादाच्या हाती देईल, पण वारसांचा हक्क त्याने जात नाही. ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच म्हटलंय. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा आणि तुम्ही, तिघांना सारखा वाटा. लग्नाचा खर्च त्यातून वजा होत नाही. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज तुम्हीही द्या, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागू देत. आणि आईला एकटीला गाठून विचारा. तिचाही तिसरा हिस्सा आहे, हे तिला कुणी सांगितलंय का?