कथा सारख्या ‘साभार परत’ येतात, त्यातून हुरूप कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षात सहा कथा पाठवल्या. दोघांनी काहीच कळवलं नाही, तिघांकडून ठरावीक मजकुराचा मेल आला, आणि एका मासिकाच्या संपादकांनी लिहिलं, ‘मधला भाग लांबलाय, बाजाराचा प्रसंग मात्र चांगला उतरलाय, सध्या घेता येणार नाही.’ आणि हे सगळं तुम्ही ‘सहा नकार’ म्हणून एकाच हिशेबात मांडलंत. माझं भांडण आहे ते या हिशेबाशी.

मी १९९२च्या सुमाराला कथा पाठवायला लागलो. तालुक्यापासून आत, एका गावातल्या शाळेत मास्तर होतो. तेव्हा अंकात बारीक टाइपात सूचना असायची: साहित्य परत हवं असल्यास स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत जोडावं. म्हणजे नकार यायचा तो आपल्याच अक्षरात, आपल्याच खर्चानं! होकार असला तर १५ पैशांचं कार्ड. त्यामुळे पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसलं की पुढचं सांगायला नको. तो लांबूनच ओरडायचा, “गुरुजी, तुमचंच अक्षर आलंय!” त्याच्या मनात काही नसायचं, पण अख्खी आळी ऐकायची.

पाकिटात कथा आणि वर एक छापील चिठ्ठी. ‘जागेअभावी साभार परत.’ या ‘जागेअभावी’वर मी बरीच वर्षं विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी जागा होईल म्हणून तीच कथा त्याच अंकाला पुन्हा पाठवली. पुन्हा जागेअभावी परत. छापील चिठ्ठीत हुरूप शोधू नका आणि अपमानही शोधू नका. तिच्यात तुमच्याबद्दल काहीच लिहिलेलं नसतं.

१९९६ साली एक पाकीट आलं, त्यातल्या चिठ्ठीच्या मागे पेनानं चार ओळी होत्या. कथा होती एस.टी. स्टँडवर करवंदं विकणाऱ्या म्हातारीची, जिचा मुलगा मुंबईहून मनिऑर्डर पाठवतो. संपादकांनी लिहिलं होतं: ‘म्हातारी पैसे मोजते तो प्रसंग फार नेमका. शेवटच्या दोन पानांत मात्र तिच्या तोंडून तुम्हीच बोलता. जमल्यास पुन्हा पाहा.’

मी वाचलं ते एवढंच: ‘तुम्हीच बोलता.’ डोकं फिरलं. शहरात बसून या लोकांना म्हाताऱ्या काय कळणार, असं स्टाफरूममध्ये दोन-तीन दिवस बडबडलो. कथा पेटीत टाकली आणि जवळजवळ तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही. दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं ती पेटी उघडली. चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाली, “अहो, ह्यांनी नाही कुठं म्हटलंय? पुन्हा पाहा म्हटलंय की.”

शेवटची दोन पानं काढली. कथा आता म्हातारी नोटा मोजते तिथंच थांबते. पुढच्या वर्षी ती एका दिवाळी अंकात आली, १५० रुपये मानधनही मिळालं.

तेव्हापासून नकार आला की मी एकच बघतो: या माणसानं माझ्या कथेतली एखादी तरी जागा बोट ठेवून दाखवलीय का? ज्याच्या टेबलावर हस्तलिखितांचा ढीग आहे, तो ज्या कथेत दमच नाही तिच्यासाठी पेनाचं टोपण उघडत नाही. ‘तुमची भाषा छान आहे’ हे कौतुक नव्हे, ते कुणालाही लिहिता येतं. ‘बाजाराचा प्रसंग’ म्हणायला मात्र बाजारापर्यंत वाचावं लागतं.

आपल्याकडे याची परंपराच आहे. ‘सत्यकथा’ हे साहित्यिक मासिक १९८२मध्ये बंद पडलं, म्हणजे माझ्या आधीच. पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवताना सविस्तर लिहायचे, पुनर्लेखन करायला लावायचे, हे थोरल्या लेखकांकडून किती वेळा ऐकलंय. काहींना त्या पत्रांनी घडवलं, तर काहींना त्यात एकाच अभिरुचीची सक्ती दिसली. १९६९मध्ये लघुअनियतकालिकवाल्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांविरुद्ध स्वतःचे छोटे अंक काढणाऱ्या तरुणांनी त्याच ‘सत्यकथे’चा अंक जाळला. मला दोन्ही बाजू पटतात. संपादक ज्या जागेवर बोट ठेवतो तिथं बहुतेक वेळा काहीतरी दुखत असतंच. औषध तो सांगेल तेच घ्यावं असं नाही. माझी दोन पानं गेली ती त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, तीन वर्षांनी वाचताना मलाच लाज वाटली म्हणून.

(जगप्रसिद्ध लेखकांना किती प्रकाशकांनी नाकारलं त्याच्या याद्या मित्र पाठवतील. मला त्यांचा कधी उपयोग झाला नाही. आपली कथा कुठं लंगडते ते त्या सांगत नाहीत.)

ज्या दोघांनी काहीच कळवलं नाही, त्यांचं मनावर घेऊ नका. बरेच दिवाळी अंक एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात. जाहिराती कमी आल्या की पानं कमी होतात आणि पहिली कात्री नवख्यांच्या कथांना लागते. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये पाठवला होता ना, तेवढं मात्र तपासा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे नुसती अगम्य चिन्हं होऊन उघडते, आणि ती कुणी वाचत बसत नाही.

तर आता त्या एका मेलचं. कथा दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, मग मधला भाग स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तुम्हालाही लांबलेला वाटला तर कापा आणि त्याच संपादकांना, त्याच मेलच्या उत्तरात पाठवा, म्हणजे आधीचा मजकूर त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. सोबत ‘पुन्हा पाहिली आहे’ एवढंच लिहा. खुलासे नकोत, आणि फार दिवस लावू नका. मी माझी कथा नीट करून त्या चार ओळी लिहिणाऱ्या संपादकांना पाठवायला निघालो, तेव्हा त्यांचं मासिक बंद पडून वर्ष झालं होतं.