हजार वॅटचा डबा आणि पाच अँपिअरचा फ्यूज

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : माझ्याकडे २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे साताऱ्याहून आंबोलीमार्गे गोव्याला जाणार आहोत. त्यासाठी हँडलवर बसणारा, दोन स्पीकरांचा ‘१००० वॅट’ संच पाहिला आहे. दुकानदार अर्ध्या तासात बसवून देतो म्हणतो. बॅटरीला तो झेपेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डब्यावर काय छापले आहे ते बाजूला ठेवून आधी संचासोबत आलेला फ्यूज पाहावा. असे बहुतेक संच पाच अँपिअरच्या आसपासच्या फ्यूजवर चालतात. पाच अँपिअरला चालू गाडीच्या चौदा व्होल्टने गुणले, तर सत्तर वॅट होतात आणि त्यांतलाही काही भाग उष्णतेत जातो. खरोखर १००० वॅट हवे असते, तर सत्तरहून अधिक अँपिअर लागले असते आणि ते पुरवण्याची ताकद आपल्या गाडीच्या ८ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीत नाही, इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमध्येही नाही. तेव्हा संच झेपेल. तो हजार वॅटचा नाही म्हणूनच झेपेल. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो, त्यामुळे आपल्या गाडीचा ५५-६० वॅटचा तो भार मात्र हिशेबात कायम धरावा लागतो.

खरी अडचण आवाजाची आहे. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबल ओलांडतो. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो आणि कानाला तो ‘दुप्पट’ वाटण्यासाठी ताकद जवळजवळ दहापट लागते. म्हणून वॅटवर पैसे घालण्याऐवजी स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो) विचारावी. ८६ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच विजेत चौपट ताकदीचे काम होते. स्पीकरचे तोंड छातीकडे न ठेवता हेल्मेटकडे वळवावे, आणि शक्य असल्यास विंडशील्डच्या आडोशाला ठेवावे.

अर्ध्या तासात बसवून देणारा माणूस बहुधा हेडलाइटची वायर सोलून तिच्यातच जोड देतो. मी स्वतः पहिल्यांदा तेच करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी घाटात जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. टाकीखाली हात घालून पाहिले, तर पांढरा कपलर एका बाजूने तपकिरी होऊन वितळला होता आणि वायर त्याला चिकटून बसली होती. तेव्हा हे काम करून घेताना समोर उभे राहावे. बॅटरीच्या धन टोकावरून निघणाऱ्या वायरवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा, कारण फ्यूज लांब बसवला तर मधल्या वायरीचे रक्षण कोणीच करत नाही. पुढे रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) घ्यावा आणि तो टेललाइटच्या वायरीवरून चालू व्हावा, म्हणजे चावी काढताच संच पूर्ण बंद होईल. हा रिले टाळू नये. नुसता जागा राहणारा अँप्लिफायर ५० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला १.२ एएच जातात आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी बटणावर सुरू होत नाही. जोड शक्यतो थिंबल (वायरीच्या टोकावरची धातूची टोपी) दाबून, वर तापवल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवून करावेत. जोड सोल्डरने केला, तर एकाच सिलिंडरच्या इंजिनाच्या कंपनाने सोल्डरच्या कडेलाच तार तुटते. काम संपल्यावर हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघावे. हँडलच्या मानेपाशी वायर जरा जरी ताणली जात असेल, तर ती तिथेच तुटणार आहे.

शेवटी मल्टिमीटर लावून घ्यावा. हेडलाइट आणि संच दोन्ही चालू असताना, नेहमीच्या वेगाइतक्या फेऱ्यांवर बॅटरीवर साडेतेरा व्होल्टच्या पुढे दिसले, तर निश्चिंतपणे निघावे. आकडा १२.८ च्या खाली उतरत असेल, तर प्रवासभर बॅटरी रिकामी होत राहील.

एक खाजगी मत : दोघेच जाणार असाल, तर हेल्मेटमधला ब्लूटूथ संच अधिक सोयीचा. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू यावा, इतपत आवाज दोन्ही प्रकारांत कमी ठेवावाच लागतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, हेही उघड्या स्पीकरवाल्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझ्या गाडीवरचा संच दोन वर्षे उत्तम चालला. आता ॲक्सिलरेटर पिळला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो इंजिनच्या वेगाबरोबर चढतो. आम्ही समुद्रालगत राहतो. स्पीकर खराब झाले का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची असते, स्पीकरची नव्हे. गाणे ऑक्स वायरीने (फोनच्या हेडफोनच्या खाचेतून) वाजवत असताना त्याच फोनला चार्जरही लावत असाल, तर प्रथम चार्जर काढावा. शिट्टी थांबली, तर दोष फोनपर्यंत दोन वाटांनी पोहोचणाऱ्या अर्थचा (ऋण जोडणीचा) आहे. ऑक्स वायरीवर ग्राउंड-लूप आयसोलेटर (ही दुहेरी वाट तोडणारा जोड) बसवावा किंवा सरळ ब्लूटूथ वापरावा. शिट्टी तशीच राहिली, तर मात्र अर्थची जागा तपासावी. आपल्या गाडीवर ती चासीच्या एखाद्या बोल्टवर दिली असण्याची आणि दोन वर्षांच्या खाऱ्या हवेने त्या बोल्टखाली गंज धरला असण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण संच आधी बिनतक्रार चालत होता. अँप्लिफायरची ऋण वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकावर न्यावी. बॅटरीच्या टोकांवर हिरवट भुकटी जमली असेल, तर ती आधी ब्रशने घासून काढावी आणि जोड घट्ट केल्यावर वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

शिट्टीऐवजी टकटक ऐकू येत असेल, तर स्पार्क प्लग रेझिस्टरचा (ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबणारा) आहे का ते पाहावे आणि ऑडिओची वायर इग्निशन कॉइलपासून दूर सरकवावी.

स्पीकर कागदी कोनचे असतील, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ते टिकणार नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड असलेलेच घ्यावेत. डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेले असले, तरी ती कसोटी अर्धा तास एक मीटर गोड्या पाण्यात बुडवून ठेवण्याची आहे, सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनची नव्हे. स्पीकरच्या खोक्याला सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळून जाईल. गाडी किनाऱ्यावर नेली असेल, त्या संध्याकाळी जाळी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. क्लॅम्पला नायलॉक (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहसा न सैलणारे) नट वापरावेत आणि तरीही दर महिन्याला एकदा पाना लावून बघावे.