श्नाबेलच्या चुका आणि परीक्षेतले मार्क

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, पियानो शिकते, या वर्षी ग्रेडच्या परीक्षेला बेथोव्हनचा ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ४९ नंबर २ हा सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची काही भागांची रचना, वाजवणारे. कुणीतरी सांगितलं की आर्थर श्नाबेल हा जुना पियानिस्ट ऐकव, बेथोव्हनचे सोनाटा म्हणजे तोच. लावलं तर खरखर, आणि हॅमरक्लाव्हियर नावाच्या सोनाटात चक्क चुकीच्या नोट्स! मुलगी म्हणते, आई मी असं वाजवलं तर एक्झामिनर मार्क कापेल. काय सांगू तिला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मुलीचं बरोबर आहे, तिचे मार्क कापतीलच, त्यात वाद नाही. 😄

पण हे रेकॉर्डिंग झालं कसं ते तिला सांगा. १९३२ ते १९३५, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ, बेथोव्हनचे सगळे ३२ सोनाटा पहिल्यांदाच कुणीतरी रेकॉर्ड करत होतं. टेप नव्हती. मेणाच्या तबकडीवर थेट कोरलं जायचं, एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, आणि ते मेण वाजवून बघायला गेलं की खराब, म्हणजे नीट आलंय की नाही ते तिथल्या तिथे ऐकायचीही सोय नाही. शेवटच्या ओळीत बोट घसरलं तर अख्खी बाजू पहिल्यापासून. आता हॅमरक्लाव्हियर ४० मिनिटांच्या आसपास, म्हणजे किती ठिकाणी थांबून परत तोच मूड पकडायचा, विचार करा. आपल्या जुन्या गवयांनी तीन मिनिटांत राग बसवला ना, तसलाच छळ, फक्त इथे आटोपशीर करायची मुभा नाही, लिहिलंय ते सगळं वाजवायचंच. श्नाबेलला रेकॉर्डिंगचा तिटकाराच होता, त्याचं मन वळवणाऱ्यांत फ्रेड गायसबर्ग होता – हो तोच, १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचा आवाज रेकॉर्ड करणारा.

शिवाय त्या चुका नुसत्या गडबडीच्या नाहीत. बेथोव्हनने स्वतः मेट्रोनोमचे आकडे, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते, दिलेला एकच सोनाटा, हा हॅमरक्लाव्हियर, आणि पहिल्या भागाला आकडा आहे १३८, तोही हाफ नोटला, म्हणजे दोन मात्रांच्या नोटला! बहुतेक पियानिस्ट तिथे गपचूप स्पीड कमी करतात. श्नाबेल करत नाही, जातो धडपडत. मला ती धडपड आवडते, स्वच्छ पण पेंगुळलेल्या वाजवण्यापेक्षा कधीही.

तरी सुरुवात तिथून करायची नव्हती, सांगणाऱ्याने घोळ घातला. आधी ओपस १० नंबर ३ चा दुसरा, संथ भाग ऐका, मग ओपस १११ चा दुसरा. तिथे तो इतका सावकाश जातो आणि तरी ओळ तुटत नाही, गाणं शिकलेल्या माणसाला हे लगेच कळतं. खरखरीचं म्हणाल तर पाचेक मिनिटांत कान सरावतो. आणि एकाच रेकॉर्डिंगच्या दोन-तीन आवृत्त्या मिळतात, त्यातली खरखर पार पुसून काढलेली घेऊ नका, तिच्याबरोबर पियानोचा आवाजही पुसला जातो.

मुलीचा ओपस ४९ नंबर २ पण त्यात आहे, तो तिला नक्की ऐकवा. त्याच्या मूळ छापील प्रतीत हळू-जोरात वाजवायच्या खुणा जवळजवळ नाहीतच, म्हणजे कुठे दबायचं कुठे उघडायचं हे वाजवणाऱ्यानेच ठरवायचं, तर श्नाबेल काय ठरवतो ते तिने कान देऊन ऐकावं. दुसऱ्या भागातल्या मिन्युएटची (एक जुना नाच) चाल बेथोव्हनने आपल्या ओपस २० च्या सेप्टेटमध्येही (सात वाद्यांची रचना) वापरलीय, तेही लावा, ओळखीची चाल आली की पोरं खूश होतात. श्नाबेलने संपादित केलेली सोनाटांची पुस्तकं पण मिळतात, पण त्यातली फिंगरिंग, म्हणजे कुठल्या नोटला कुठलं बोट ते, विचित्र आहे, परीक्षेआधी तिच्या टीचरना विचारल्याशिवाय बदलू नका हं.