5एस सुरू करण्यापूर्वी भंगाराचा ढीग एकदा स्वतः तपासा

नमस्कार. आपली पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचे 40 माग, तीन महिन्यांत दोघांच्या बोटांना झालेल्या दुखापती, एकदा धोटा (बाण्याचा आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा तुकडा) उडून शेजारच्या मागावरील कामगाराच्या खांद्याला बसलेला मार, आणि यावर उपाय म्हणून मालकांनी नेमलेल्या सल्लागाराने पुढील महिन्यापासून 5एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पाच पायऱ्यांची जपानी पद्धत) राबवण्याचा दिलेला आदेश, हे सारे वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. सुरुवात कोठून करावी, 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक लावावा का आणि जमिनीवरील पट्ट्यांना कोणता रंग द्यावा, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. उत्तर लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी नाही. वस्त्रोद्योगातील पदविका घेऊन सोलापुरातच 22 वर्षे उत्पादन सांभाळलेला माणूस आहे आणि माझा अनुभव धोट्याच्या मागांचा आहे. आपल्याकडे रेपियर (धोट्याविना धागा नेणारे माग) असतील, तर पुढील काही भाग आपल्याला लागू होणार नाही. अर्थिंग, अग्निशमनाची सिलिंडरे, कानातील बोळे, प्रथमोपचार पेटी या गोष्टींबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्या आपण केल्याच असतील असे गृहीत धरतो.

माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. आमच्या 36 मागांच्या कारखान्यात 5एसची सुरुवात नेहमीप्रमाणे पहिल्या पायरीने, म्हणजे नको असलेल्या वस्तू वेगळ्या काढण्याने झाली. वर्षभरात जी वस्तू कोणी वापरली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, पंधरा दिवस वाट पाहायची आणि कोणी मागणी केली नाही तर ती भंगारात द्यायची, असा नियम ठरला होता. वार्पिंगच्या (ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळण्याच्या) खोलीमागे तारेच्या 11 जाळ्या धूळ खात पडल्या होत्या. त्या मोटरच्या पट्ट्यावरील आणि पुलीवरील होत्या. तेल देताना व पट्टा बदलताना अडचण होते म्हणून जॉबर (माग दुरुस्त करणारे मिस्त्री) लोकांनी त्या वेळोवेळी काढल्या होत्या आणि पुन्हा बसवल्याच नव्हत्या. त्या वर्षभरात कोणी वापरल्या नव्हत्या हे अक्षरशः खरे होते. मी त्यांना लाल चिठ्ठी लावली, यादीवर सही केली, पंधरा दिवसांत अर्थातच कोणी मागणी केली नाही आणि भंगारवाल्याने त्यांचे अडीच हजार रुपये दिले. कोपरा मोकळा झाला, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी लावले गेले आणि सल्लागाराने माझी पाठ थोपटली.

ही वस्तू लागते की नाही, एवढेच त्या चिठ्ठीने मला विचारायला लावले. ही वस्तू यंत्रावर असायला हवी असताना कोपऱ्यात का पडली आहे, हा प्रश्न तिच्यावर छापलेला नव्हता आणि मलाही तो सुचला नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमाचे 21 वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण हवे एवढेच सांगून थांबत नव्हते. ते भाग चालू असताना आवरण जागेवरच असले पाहिजे, असेही त्यात स्पष्ट होते. हे कलम मी परीक्षेसाठी पाठ केले होते. (नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या 2020 च्या नव्या संहितेने घेतली असून कलमांचे क्रमांक व तपशील बदलले आहेत, तेव्हा आज काय लागू आहे याची खात्री आपल्या कायदेविषयक सल्लागाराकडून करून घ्यावी.)

पुढची पायरी स्वच्छतेची होती आणि पहिल्या चुकीवर दुसरी चूक तिथेच चढली. दर शनिवारी दुपारी चार वाजता प्रत्येक मागाला स्वच्छतेचे गुण द्यायचे असे आम्ही ठरवले, पण साफसफाईसाठी माग किती वेळ थांबवायचा हे ठरवले नाही. आपल्याकडे मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते, हे आपणांस सांगायला नको. माग थांबवला की विणणाऱ्याची कमाई थांबते. त्यामुळे शनिवारी साडेतीन वाजल्यापासून चालू मागांवरूनच रुईचा फुफाटा पुसला जाऊ लागला, आणि गुण चांगले येत असल्यामुळे तो कसा पुसला जातो हे पाहण्याची गरज मला वाटली नाही.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, आपल्याकडे निम्मी माणसे सुट्टीवर असतात आणि बदली कामगारांवर कारखाना चालतो. अशाच एका शनिवारी 19 वर्षांच्या एका बदली कामगाराने गळ्यातला टॉवेल हातात घेऊन पुलीजवळची रुई पुसायला सुरुवात केली. टॉवेल पट्ट्यात ओढला गेला आणि त्याच्याबरोबर हातही. उजव्या हाताची दोन बोटे गेली, तिसरे वाचले पण वाकत नाही. त्या मागाची जाळी त्या 11 जाळ्यांपैकी होती.

त्याहूनही लाजिरवाणी गोष्ट म्हणजे आमची चौकशी. 'पाच वेळा का' ही, म्हणजे प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का' विचारून मूळ कारणापर्यंत जाण्याची पद्धत आम्ही शिकलो होतो, आणि तिचा छापील नमुनाही होता. पहिल्या 'का'पुढे आम्ही 'कामगाराचे दुर्लक्ष' असे लिहिले आणि उरलेल्या चार ओळी त्याच शब्दांची शब्दांतरे करून भरल्या. माग चालू का होता, तर थांबवला असता तर त्याची मजुरी बुडाली असती. जाळी का नव्हती, तर मी ती विकली होती. हे दोन्ही आमच्या म्हाताऱ्या जॉबरने मला बाजूला घेऊन सांगितले, तेही आठ दिवसांनी, कारण कचेरीतील बैठकीत त्यांना बोलावलेच नव्हते. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की अपघाताची चौकशी मागाशेजारी उभे राहून, जॉबर आणि विणणारा यांच्यासमोर करावी, आणि उत्तरात माणसाचा स्वभाव आला की ते उत्तर अपुरे समजून पुढचा 'का' विचारावा.

नंतरच्या कागदपत्रांबद्दल थोडे लिहितो, कारण तिथेही शिकण्यासारखे आहे. त्या मुलाला मिळणारा लाभ एका कार्यालयात, ज्याचे नाव मी घेणार नाही, जवळजवळ पाच महिने अडकून पडला. कारण एवढेच की त्याच्या घरी तेलुगू पद्धतीप्रमाणे आडनाव आधी लिहितात, आमच्या नोंदीत ते मराठी पद्धतीने शेवटी आले होते आणि आधार कार्डावर आडनावाचे फक्त आद्याक्षर होते. तीन कागदांवर तीन माणसे झाली. प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचे नाव सांगितले जाई आणि हाताला पट्टी बांधलेल्या मुलाला सही करायला लावून पुन्हा सही जुळत नाही असे ऐकवले जाई. तेव्हा लीनचे (5एस जिचा भाग आहे त्या, वाया जाणारा वेळ व माल कमी करण्याच्या पद्धतीचे) कोणतेही तंत्र हाती घेण्यापूर्वी, बदली कामगारांसह सर्वांची नावे सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखी आहेत का, हे एका दुपारी बसून तपासून घ्यावे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते सुरुवात झाडलोटीपासून करू नये, थांबण्यापासून करावी. जिदोका, म्हणजे दोष दिसताच यंत्राने स्वतःच थांबणे, हे लीनचे जे एक प्रमुख अंग मानले जाते, ते मोटारीच्या कारखान्यात जन्मलेले नाही, मागावर जन्मलेले आहे, ही गोष्ट आपल्या सोलापूरकरांना विशेष जवळची वाटावी. साकिची टोयोडा यांचा 1924 चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे, आणि दोष दिसताच काम थांबवण्याची कल्पना त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात पुढे गेली. आपल्या मागांवरही बाण्याचा धागा तुटल्यावर थांबवणारा वेफ्ट फोर्क आणि धोटा पेटीत न पोहोचल्यास माग थांबवणारा वार्प प्रोटेक्टर असतो. त्यांपैकी किती आज खरोखर काम करतात आणि किती उत्पादन अडते म्हणून तार बांधून निकामी केलेले आहेत, हे सोमवारी सकाळी जॉबरला बरोबर घेऊन मोजावे. आमच्याकडे 36 पैकी 14 निकामी निघाले होते.

आपल्याकडे धोटा उडाला त्यामागेही बहुधा असेच काही असेल, पण ते मी इथून सांगू शकत नाही. झिजलेला पिकर (धोट्याला ठोका देणारा भाग), चुकलेले टायमिंग, तुटून गुंतलेले ताण्याचे धागे, सैल झालेली धोट्याची पेटी, यांपैकी काहीही असू शकते. एक शक्यता मात्र आवर्जून तपासावी. साठा कमी करण्याच्या उत्साहात सल्लागार सुट्या भागांची यादीही छाटतात, आणि मग नवा पिकर येईपर्यंत झिजलेल्यावरच आठवडाभर माग चालतो. पिकर, धोटे, पट्टे आणि वार्प प्रोटेक्टरचे भाग यांचा साठा कमी करण्यास मी असतो तर ठाम नकार दिला असता, मग लीनच्या कागदावर तो कितीही वाया गेलेला दिसो.

त्यानंतर 5एस जरूर करावे, पण दोन अटींवर. भंगारात जाणाऱ्या प्रत्येक जाळीवर, झाकणावर, आवरणावर जॉबरची सही असल्याशिवाय ते दाराबाहेर जाऊ नये. आणि साफसफाईची पंधरा मिनिटे माग बंद ठेवून, त्या वेळेची मजुरी देऊन व्हावी. आमच्या मालकांना दुसरी अट पटायला चार महिने लागले. एका अपघाताने थांबलेल्या दिवसांचा आणि त्या पंधरा मिनिटांचा हिशोब समोर मांडल्यावरच ती पटली. सुरक्षिततेला सहावा 'एस' म्हणून शेवटी जोडण्याची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही, पण ज्यांच्याकडे ती नीट चालते त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

फलकाबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे 'लावू नका' असे आहे, विशेषतः त्या आकड्याला बक्षीस जोडणार असाल तर. आमच्याकडे 100 दिवसांना मिठाई होती, आणि 90 व्या दिवसानंतर कापलेली बोटे रुमालात गुंडाळून घरी जाऊ लागली. त्याऐवजी थोडक्यात टळलेले प्रसंग लिहिण्यासाठी मागांजवळ एक वही ठेवा आणि ती मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही लिहिता येईल अशी व्यवस्था करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मुकादमाने ऐकून लिहावे. अपघातांचे अमेरिकी अभ्यासक हाइनरिक यांनी 1931 मध्ये एका गंभीर दुखापतीमागे 29 किरकोळ आणि 300 विनादुखापतीचे प्रसंग असतात असे प्रमाण मांडले होते. ते आकडे आज वादग्रस्त आहेत आणि मी त्यांवर विसंबत नाही. पण वहीत पहिल्याच महिन्यात 'पट्ट्याजवळ कपडा ओढला गेला' अशी नोंद तीन वेळा आली असती, तर आमची जाळी परत बसली असती, एवढे मला माहीत आहे.

नवी जाळी बनवताना आमच्या जॉबरनेच उपाय सुचवला. तिला एका बाजूने बिजागरी लावली आणि तेलाच्या छिद्रासमोर तेलदाणीची चोच जाईल एवढी नळी जाळीतून बाहेर काढली, त्यामुळे तेल देण्यासाठी जाळी काढण्याचे कारणच उरले नाही. एका जाळीला सुमारे 1800 रुपये खर्च आला. वेल्डिंगवाल्याला सरळ चित्र देण्याऐवजी त्याला मागाजवळ आणून मापे घ्यायला लावा, नाहीतर आमच्यासारख्या पहिल्या चार फुकट जातील.

राहिला रंगाचा प्रश्न. पिवळा चालेल, कोणत्याही कंपनीचा चालेल, रुई आणि तेल यांमुळे सहा महिन्यांत तो तसाही दिसेनासा होतो. पण रंग मारण्यापूर्वी प्रत्येक मागाच्या दोन्ही टोकांना उभे राहून धोटा उडाला तर कोणत्या दिशेने येईल ते पाहावे, आणि ये-जा करण्याचा पट्टा त्या रेषेत येत असेल तर तो दुसरीकडे घ्यावा. तेवढी जागा नसेल, तर त्या टोकाला आधी जाळी उभी करावी आणि पट्टा नंतर आखावा.